अप्रसिद्ध प्रोग्रॅमिंग भाषेला ज्ञानकोशात जागा द्यावी का, हे कसे ठरवायचे

प्रश्न थोडक्यात असा: सिंधुदुर्गातल्या एका तंत्रनिकेतनातल्या विद्यार्थ्यांनी मराठी शब्दांत आज्ञा लिहिता येतील अशी प्रोग्रॅमिंग भाषा तयार केली आहे. तिचा सोर्स कोड गिटहबवर (प्रोग्रॅम साठवण्याच्या संकेतस्थळावर) आहे आणि तिथे तिला तीनशेच्या आसपास स्टार, म्हणजे वाचकांच्या पसंतीच्या खुणा, मिळाले आहेत. एका राज्यस्तरीय स्पर्धेत बक्षीस मिळाले, जिल्ह्यातल्या तीन दैनिकांत बातमी आली आणि एका ‘इंटरनॅशनल जर्नल’मध्ये शोधनिबंधही छापून आला. त्यांच्या मॅडम विचारतात, की एवढ्यावर मराठी विकिपीडियावर या भाषेचा लेख होईल का, आणि केला तर टिकेल का?

मॅडम, आज हाताशी आहे तेवढ्यावर लेख करू नये. केला तर कुणीतरी त्यावर उल्लेखनीयतेचा साचा (विषय ज्ञानकोशात घेण्याजोगा आहे का, अशी शंका घेणारी पाटी) लावील, चर्चापानावर संदर्भ मागितले जातील आणि ते देता आले नाहीत की पान वगळले जाईल. यात मुलांच्या कामाला कुणी कमी लेखत नाही. ज्ञानकोश ज्या मापाने मोजतो ते माप कामाच्या दर्जाचे नाहीच. ते नक्की कशाचे आहे हे एकदा नीट कळले, की तुमच्याच काय, कुठल्याही अनोळखी भाषेबद्दल तासा-दोन तासांत निर्णय करता येतो.

विकिपीडियावर लिहिणाऱ्याने स्वतः भाषा वापरून, तपासून तिच्याबद्दल मत लिहायचे नसते. त्याने इतरांनी आधी छापलेले गोळा करून मांडायचे असते. तसे काही छापलेलेच नसेल, तर त्याच्याजवळ कर्त्याचे म्हणणे आणि स्वतःचे मत एवढेच उरते, आणि त्या दोहोंवर लेख उभा राहत नाही. म्हणून इंग्रजी विकिपीडियाचा सर्वसाधारण निकष असा आहे, की विषयाशी हितसंबंध नसलेल्या, विश्वासार्ह स्रोतांनी त्या विषयाची भरीव दखल घेतलेली असावी. स्वतंत्र, विश्वासार्ह आणि भरीव हे तिन्ही गुण एकाच स्रोतात एकत्र असावे लागतात. एक स्रोत स्वतंत्र पण ओझरता, दुसरा भरीव पण कर्त्याचाच, अशी बेरीज धरली जात नाही.

भाषा किती चांगली किंवा किती लोक वापरतात, हे त्यात कुठेच येत नाही. कोनराड त्सुझ यांनी १९४२ ते १९४५ च्या दरम्यान आखलेली ‘प्लानकाल्क्युल’ पाहा. ती संपूर्ण छापली गेली १९७२ मध्ये, आणि संगणकावर चालवून पाहिली गेली ती त्याहूनही नंतर. तिच्या काळात तिला एकही वापरकर्ता नव्हता. तरी तिच्यावरचा लेख कुणी वगळायला काढणार नाही, कारण संगणकाच्या इतिहासकारांनी तिच्यावर भरपूर लिहिले आहे. १९७२ मध्ये प्रिन्स्टनच्या दोन विद्यार्थ्यांनी निव्वळ गंमत म्हणून ‘इंटरकॅल’ रचली; पुढे डोनाल्ड क्नूथ यांच्यासारख्या माणसाने इंटरकॅलमधल्या एका प्रोग्रॅमवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. १९९८ ची ‘माल्बोल्ज’ तर मुद्दाम इतकी अवघड केली होती, की तिच्यातला पहिला चालणारा प्रोग्रॅम यायला दोन वर्षे गेली आणि तोही माणसाने न लिहिता दुसऱ्या प्रोग्रॅमने शोधून काढला. निरुपयोगीपणा आड येत नाही.

याच्या उलट, मोठ्या कंपन्यांच्या आत रोज वापरल्या जाणाऱ्या कितीतरी भाषा आहेत ज्यांच्याबद्दल बाहेरच्या कुणी दोन ओळी लिहिलेल्या नाहीत. त्यांचा लेख होत नाही. पीटर लँडिन यांनी १९६६ च्या आपल्या निबंधाच्या सुरुवातीलाच त्या वेळी १,७०० प्रोग्रॅमिंग भाषा वापरात असल्याचा आकडा उद्धृत केला होता. तीन वर्षांनी जीन सॅमेट यांनी अमेरिकेतल्या भाषांचा जो जाडजूड आढावा छापला त्यात सुमारे १२० भाषा आल्या. बाकीच्यांतल्या बहुतेकींचे नावसुद्धा आज सापडत नाही. त्या वाईट होत्या म्हणून असे झाले नाही. त्यांचे वर्णन करायला कर्त्याखेरीज कुणी बसले नाही.

पहिली कसोटी आपल्या धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या स्वतःच्या कच्च्या पानावर) करून पाहा. भाषेबद्दल ठाऊक असलेले सगळे वाक्यावाक्याने लिहा आणि प्रत्येक वाक्यापुढे ते कुठून कळले ते टाका. मग कर्त्यांचे संकेतस्थळ, गिटहबवरचे पान, कर्त्यांची भाषणे, त्यांच्या मुलाखती, त्यांचे स्वतःचे शोधनिबंध, महाविद्यालयाचे पत्रक, यांतून आलेले प्रत्येक वाक्य खोडा. भाषा कुणी, केव्हा, कशासाठी केली. जवळच्या भाषांपेक्षा ती कशात वेगळी आहे. कुठे वापरली गेली. वापरणाऱ्यांना काय जमले, काय अडले. यांवर चार-पाच परिच्छेद शिल्लक राहिले तर लेख होतो. ‘अमुक ही २०२३ मध्ये तयार झालेली प्रोग्रॅमिंग भाषा आहे’ एवढेच उरले तर होत नाही. कर्त्याचे लेखन लेखात अजिबात वापरू नये असा याचा अर्थ नाही. आवृत्ती कोणती, परवाना कोणता, फाइलचे एक्स्टेन्शन काय, असल्या साध्या माहितीला ते चालते. पण लेख असावा की नसावा हे त्यावरून ठरत नाही.

किती स्रोत लागतात याचा आकडा नियमात लिहिलेला नाही. व्यवहारात दोन-तीन भरीव स्रोत मिळाले की चर्चा सहसा लेखाच्या बाजूने जाते. वगळण्याच्या चर्चेत पंचवीस दुवे ओतणारे नेहमी हरतात, कारण वाचणारा पहिले चार उघडतो, चारही पोकळ निघतात आणि उरलेले तो उघडतच नाही. उत्तम तीन निवडा आणि प्रत्येकात भाषेबद्दल नेमके काय म्हटले आहे ते पृष्ठांकासह लिहा.

भरीव दखल कशी दिसते, हे तुमच्याच विषयातून सांगतो. चाळीस भाषांच्या तक्त्यात एक ओळ आली, किंवा ‘भारतीय भाषांत असे अनेक प्रयोग झाले आहेत, उदाहरणार्थ…’ या यादीत नाव आले, तर तो ओझरता उल्लेख. पण समजा दुसऱ्या विद्यापीठातल्या अभ्यासकाने या भाषेचे लेक्सर (प्रोग्रॅमच्या मजकुरातले शब्द वेगळे करणारा भाग) उघडून पाहिले. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ हे शब्द दोन प्रकारे टंकले जातात: एकदा ऱ हे अक्षर घेऊन, एकदा साध्या र ला हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह) लावून. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. पायथन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीत देता येतात, पण हा जॉइनर नावात आला की चूक दाखवली जाते. तसेच पायथनमध्ये अवतरणातले ‘१२’ मजकुराचा आकडा करणाऱ्या इंट या फंक्शनला दिले तर बारा मिळतात, पण प्रोग्रॅममध्ये थेट देवनागरी १२ लिहिले तर चालत नाही. तुमची भाषा या दोन्ही ठिकाणी काय करते, त्यामुळे आठवीच्या मुलांच्या चुका वाढतात की घटतात, तमिळमधल्या ‘एळिल’च्या तुलनेत हे कसे आहे, यावर त्या अभ्यासकाने तीन पाने लिहिली असतील, तर ती एकटी तीन पाने पन्नास ओझरत्या उल्लेखांना भारी आहेत. लेखात लिहायला मजकूर मिळतो तो अशा लिखाणातून.

आता स्वतंत्र कोण? बागायतदाराने आपला हापूस गोड आहे म्हणावे, त्यात खोटे काही नसते. पण दर ठरतो तो ओळखदेख नसलेल्या गिऱ्हाइकाने फोड तोंडात घातल्यावर. इथेही कर्ते, त्यांचे मार्गदर्शक, त्यांचे महाविद्यालय, त्यांना निधी देणारी संस्था, त्यांनीच भरवलेली परिषद, त्यांचे सहलेखक हे सगळे एका बाजूला धरायचे. मार्गदर्शकाने दुसऱ्या नियतकालिकात लिहिले म्हणून तो त्रयस्थ होत नाही. उलट, तुमच्या विद्यार्थ्यांना कधीही न भेटलेल्या रायगडातल्या एखाद्या शिक्षकाने ही भाषा वर्गात वापरून संपादन होणाऱ्या शिक्षणविषयक नियतकालिकात टीका जरी केली, तरी तो स्रोत चालतो. दखल अनुकूल असावी अशी अट नाही. कडक टीकेचा लेख हा कौतुकाच्या चौकटीपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण टीका करणाऱ्याला तपशील द्यावाच लागतो.

वर्तमानपत्रांबद्दल थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण कोकणातल्या बहुतेक प्रस्तावांचा सगळा भार त्यांच्यावर असतो. तिन्ही कात्रणे शेजारी ठेवा आणि पहिला परिच्छेद शब्दाशब्दाने ताडून पाहा. मजकूर सारखाच असेल, तिन्हीकडे फोटो एकच असेल, बातमीदाराचे नाव नसून ‘वार्ताहर’ किंवा ‘प्रतिनिधी’ एवढेच असेल, तर ती महाविद्यालयाने पाठवलेली प्रेसनोट आहे. ती तीन ठिकाणी छापली तरी स्रोत एक, आणि तोही महाविद्यालयाचा. दुसरे असे, की बातमी कशाबद्दल आहे ते बघा. ‘ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांची झेप’ असा मथळा, मुलांची नावे, गाव, आईवडील, प्राचार्यांनी आणि संस्थाध्यक्षांनी केलेले अभिनंदन, असा सगळा मजकूर असतो. आणि भाषेबद्दल ‘मराठीतून कोडिंग करता येते’ एवढे एकच वाक्य. ही बातमी मुलांबद्दल आहे, भाषेबद्दल नाही. बातमीदार स्वतः प्रयोगशाळेत गेला, भाषा चालवून पाहिली, बाहेरच्या दोन जाणकारांना विचारले, असे असेल तर मात्र जिल्हा आवृत्तीतली बातमीही भक्कम स्रोत आहे. ‘लहान दैनिक’ म्हणून तिला हलके लेखणाऱ्याला तसे स्पष्ट सांगा. स्थानिक वर्तमानपत्र आहे म्हणून स्रोत बाद होत नाही.

जिल्हा आवृत्त्यांचे जुने अंक ऑनलाइन सहसा सापडत नाहीत, पण स्रोत ऑनलाइन असलाच पाहिजे असा नियम नाही. दैनिकाचे नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक, मथळा आणि बातमीदाराचे नाव असेल तर ते, एवढे दिले की संदर्भ पुरा. कात्रणाचा फोटो स्वतःजवळ ठेवा, मागणाऱ्याला दाखवा. विकिमीडिया कॉमन्सवर मात्र चढवू नका, तो प्रताधिकाराचा भंग होतो आणि लेख वाचवण्याच्या गडबडीत ही चूक फार होते. अंक हाताशी नसेल तर सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे, आणि अशा जुन्या वाचनालयांत दैनिकांच्या फायली मिळण्याची शक्यता असते. जाताना तारीख घेऊन जा. ‘गेल्या पावसाळ्यात कधीतरी आले होते’ एवढ्यावर फायली चाळून होत नाहीत.

‘इंटरनॅशनल जर्नल’चे प्रकरण नाजूक आहे, पण ते बोलायलाच हवे. निबंधाच्या पहिल्या पानावर प्राप्त झाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख असते. त्यांत तीन-चार दिवसांचेच अंतर असेल तर समीक्षण झालेले नाही. एकाच अंकात आंब्यावरील करपा, वस्तू व सेवा कर आणि मशीन लर्निंग शेजारी शेजारी असतील, संपादक मंडळातल्या लोकांच्या विद्यापीठीय पानांवर या नियतकालिकाचा उल्लेख नसेल, आणि छपाई शुल्क भरल्याबरोबर प्रमाणपत्र येत असेल, तर तो स्रोत मोजू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे ‘यादीत होते’ हा आधारही आता पुरत नाही. प्रत्येक नियतकालिक वेगळे तपासावे लागते. आणि चांगल्या नियतकालिकातला निबंधसुद्धा कर्त्यांनीच लिहिलेला असेल, तर तो विश्वासार्ह आहे पण स्वतंत्र नाही. त्या निबंधाला पुढे कुणी उद्धृत केले, हे पाहण्यात खरा अर्थ असतो. पीएच.डी.चे प्रबंध जपून वापरता येतात. पदव्युत्तर प्रबंध, त्यांचा त्या क्षेत्रावर ठळक प्रभाव पडल्याचे दाखवता आले तरच. पेटंटचा अर्ज हा अर्जदाराचाच मजकूर असतो.

आकड्यांवर विसंबू नका. गिटहबचे स्टार मित्रमंडळींकडून जमतात, विकतही मिळतात. पॅकेज डाउनलोडच्या आकड्यांत आरसा-सर्व्हर (तीच पॅकेजे उतरवून ठेवणारे दुसरे सर्व्हर) आणि स्वयंचलित चाचण्यांची भर असते. सगळ्यात फसवा युक्तिवाद टिओबी निर्देशांकाचा, म्हणजे प्रोग्रॅमिंग भाषांच्या लोकप्रियतेच्या क्रमवारीचा. ‘टिओबीच्या यादीत आहे, म्हणून विकिपीडियावर हवी’ असे लोक मांडतात. पण त्या यादीत यायच्या अटींपैकी एक अट अशी आहे, की भाषेचा विकिपीडियावर स्वतःचा लेख असावा. दुसरी अट, भाषेच्या नावापुढे ‘प्रोग्रॅमिंग’ हा शब्द जोडून गुगलवर किमान ५,००० निकाल यावेत. म्हणजे आपला लेखच आपल्या लेखाचा पुरावा ठरतो. असा वळसा कुठेही दिसला की तिथेच थांबा. हॅकेथॉनचे बक्षीस, भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमांची संख्या, रोझेटा कोड या नमुना-प्रोग्रॅमांच्या संकेतस्थळावरची उदाहरणे, रेडिटवरची लांबलचक चर्चा, यांतूनही उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. चर्चेत कुणी एखाद्या छापील लेखाचा दुवा दिला असेल तेवढा घ्या.

एक अपवादासारखी दिसणारी गोष्ट. प्रोग्रॅमिंग भाषांच्या इतिहासावर एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या परिषदा १९७८, १९९३, २००७ आणि २०२१ अशा चारच झाल्या. पहिल्या परिषदेत १३ भाषा होत्या; त्यांत फोरट्रान, कोबोल, लिस्पबरोबर आज फारसे कुणाला न आठवणारी ‘जोव्हिअल’ही होती. तिथले निबंध बहुतेक वेळा कर्त्यांनीच लिहिलेले असतात. पण कुठल्या भाषेचा इतिहास नोंदवायचा हे त्रयस्थ समिती कसून ठरवते, म्हणून तिथे निवड होणे हाच मोठा पुरावा मानावा. आतल्या मजकुरापैकी कर्त्याने केलेले मूल्यमापन मात्र ‘त्यांच्या मते’ असे म्हणूनच लेखात घ्यावे.

आता उलट बाजू. वगळा म्हणणाऱ्यावर शोधण्याची जबाबदारी तेवढीच असते, आणि ती टाळली जाते म्हणून चांगले लेख जातात. नुसते नाव गुगलवर टाकून ‘काही सापडले नाही’ म्हणणे हा शोध नव्हे. भाषांची नावे फसवी असतात: गो, डी, अ‍ॅलिस, फॅक्टर. गुगलने २००९ मध्ये आपली ‘गो’ जाहीर केली, तेव्हा उद्गारचिन्ह लावलेल्या ‘गो!’ या आधीच्या भाषेच्या कर्त्याने, हे नाव माझ्या भाषेचे आहे, अशी तक्रार नोंदवली होती. त्या जुन्या भाषेवर २००४ मध्ये समीक्षित निबंध आलेला होता, पण नावाने शोधणाऱ्याला आज सगळे गुगलच्या गोचेच निकाल मिळतील. म्हणून नावाबरोबर कर्त्याचे आडनाव, विद्यापीठाचे नाव किंवा भाषेतली एखादी खास संकल्पना अवतरणात जोडून शोधा.

शोध मूळ निबंधापासून सुरू करणे सगळ्यात फळते. गुगल स्कॉलरवर तो काढा आणि त्याला उद्धृत करणाऱ्या निबंधांची यादी उघडा. कर्ते आणि त्यांचे सहलेखक ज्यांत आहेत ते बाजूला करा. उरलेल्यांतले दहा तरी प्रत्यक्ष उघडून भाषेबद्दल किती वाक्ये आहेत ते मोजा. बहुतेकांत कंसातला एक आकडाच असतो, पण एखाद्यात ‘संबंधित काम’ या विभागात अख्खा परिच्छेद किंवा तुलनेचे प्रकरण निघते. गुगल बुक्समध्ये पुस्तकांच्या आतला मजकूर शोधा. भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा आहे. जुन्या भाषांसाठी एसीएमचे १९५१ ते २००० या काळातले साहित्य २०२२ पासून सर्वांना मोफत खुले आहे, त्यामुळे ‘पैसे मागतात’ ही सबब उरली नाही. सहा महिने जुने खाते, किमान ५०० संपादने, गेल्या महिन्यात दहा आणि खात्यावर बंदी नाही, एवढे असेल तर विकिपीडिया लायब्ररीतून सशुल्क नियतकालिकेही उघडता येतात. नावाची सगळी लेखने करून पाहा: इंग्रजी, देवनागरी, ऱ्हस्व-दीर्घाचे फरक. स्रोत मराठीतच हवा अशी अट नाही. पोलिश किंवा तमिळमधला स्रोतही चालतो.

या आळसाची किंमत काय असते ते २०११ च्या फेब्रुवारीत इंग्रजी विकिपीडियावर दिसले. पोलंडच्या व्रोत्सवाफ विद्यापीठात जन्मलेली ‘नेमर्ले’, जर्मनीतल्या झारलँड विद्यापीठाची ‘अ‍ॅलिस एमएल’ अशा भाषांचे लेख वगळायला काढले गेले आणि प्रोग्रॅमर मंडळींत मोठा गदारोळ झाला. वगळणाऱ्यांचे म्हणणे होते की निबंध कर्त्यांचेच आहेत. ते बऱ्याच अंशी खरे होते, पण इतरांनी त्या निबंधांचे काय केले हे पुरेसे पाहिले गेले नव्हते. वाचवणाऱ्यांनी तरी काय केले? बाहेरून अनेकांनी येऊन ‘ठेवा’ म्हटले. या चर्चा मतमोजणीने सुटत नाहीत. कुणी काय दाखवले ते पाहून सुटतात. नव्या खात्यांची झुंड आली की प्रचालक (लेख वगळण्याचे अधिकार असलेले सदस्य) अधिकच सावध होतात. दोन्ही भाषांचे लेख आज तिथे आहेत. तुमच्या लेखाची चर्चा कधी लागलीच, तर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर हाक देऊ नका. एक चांगला स्रोत शोधून तो चर्चेत ठेवा.

ही वेगळी भाषा आहे का, हेही एकदा स्वतःशी स्पष्ट करा. पायथनच्या मूळ प्रोग्रॅमवर शोधा-बदला चालवून इफच्या जागी ‘जर’ आणि प्रिंटच्या जागी ‘छाप’ बसवले असेल, तर तांत्रिकदृष्ट्या तो पायथनवरचा मराठी मुलामा आहे. त्यालाही किंमत आहे, शिकवायला तो उपयोगी पडू शकतो. पण स्वतंत्र लेखाऐवजी भारतीय भाषांतल्या प्रोग्रॅमिंगवरच्या एकत्रित लेखात त्याला दोन ओळी मिळणे अधिक योग्य. स्वतःचे व्याकरण, स्वतःचा पार्सर (प्रोग्रॅमची वाक्यरचना उलगडणारा भाग), मराठीच्या वाक्यरचनेप्रमाणे क्रियापद शेवटी आणण्यासारखा काही विचार असेल तर गोष्ट वेगळी. आणि ‘मराठीतली पहिली’ हा दावा लेखात, बातमीत, कुठेच स्वतःहून करू नका. हिंदी, बंगाली वगैरेंसाठीची ‘हिंदवी’ या शतकाच्या पहिल्या दशकातली आहे, तमिळची एळिलही जुनी आहे. मराठीत आधी कुणी काय केले हे त्रयस्थाने तपासून छापले असेल तरच तो शब्द वापरावा.

मराठी विकिपीडियाबद्दल दोन-तीन गोष्टी. प्रत्येक भाषेतला विकिपीडिया आपले नियम आपण ठरवतो. इंग्रजीवर लेख आहे म्हणून मराठीत आपोआप होत नाही, आणि इंग्रजीवर नाही म्हणून इथे बंदीही नसते. आपल्याकडे सक्रिय सदस्य थोडे असल्यामुळे कमकुवत लेखही बराच काळ तसाच पडून राहतो. तो राहिला म्हणजे मान्य झाला असे समजू नये. ‘त्या भाषेचा लेख आहे, मग आमचा का नाही’ हा मुद्दा चर्चेत टिकत नाही. तो दुसरा लेखही कदाचित जायलाच हवा असेल. शंका असेल तर लेख करण्याआधी चावडीवर (मराठी विकिपीडियाच्या सामायिक चर्चापानावर) स्रोत मांडून विचारा. मॅडम, तुम्ही किंवा मुलांनी लेख स्वतः थेट प्रकाशित करू नये, हा हितसंघर्ष आहे. मसुदा धूळपाटीवर ठेवून, आपला संबंध उघड सांगून, दुसऱ्या अनुभवी सदस्याला पाहायला सांगावे. आपले वाई-मुंबईचे मराठी विश्वकोश मंडळ वेगळ्या पद्धतीने चालते. तिथे विषयतज्ज्ञ आणि संपादक नोंदी ठरवतात, आपण जाऊन नोंद घालता येत नाही.

लेख होत नसला तरी काम हरवू नये यासाठी आजच करण्यासारखे बरेच आहे. सॉफ्टवेअर हेरिटेज ही २०१६ मध्ये सुरू झालेली संस्था सोर्स कोड जतन करते. तिच्या संकेतस्थळावर आपल्या गिटहब भांडाराचा पत्ता देऊन जतनाची विनंती करा. झेनोडो या संशोधनाच्या खुल्या साठ्यावर एक निश्चित आवृत्ती चढवली की तिला डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) मिळतो आणि इतरांना ती नेमकेपणाने उद्धृत करता येते. संकेतस्थळाची पाने वेबॅक मशीनमध्ये (जुनी संकेतपाने जपणाऱ्या संग्रहात) साठवा. महाविद्यालयाचे संकेतस्थळ बदलले की जुने दुवे मेले, हे ठरलेले असते. विकिडेटा या विकिपीडियाच्या जोड-माहितीसाठ्याचा निकष विकिपीडियापेक्षा सैल आहे, पण तिथेही गंभीर आणि सर्वांना पाहता येईल असा संदर्भ लागतो. डीओआय असेल तर तो भाग सोपा होतो.

मुलांना पुढची दोन वर्षे काय करायचे असे विचारले, तर आवृत्ती स्थिर करावी, मराठीतून पूर्ण माहितीपुस्तिका लिहावी, वर सांगितलेल्या ऱ्य आणि देवनागरी अंकांच्या चाचण्या उघड ठेवाव्यात. मग सावंतवाडी, चिपळूण, लोणेरे, जिथे ओळख नाही अशा ठिकाणच्या शिक्षकांकडे भाषा पोचवावी आणि त्यांना काय अडले ते त्यांनाच लिहू द्यावे. त्यांचा मसुदा वाचायला मागू नये, दुरुस्त करून देऊ नये. तसे केले की त्या लिखाणाचे स्वातंत्र्य संपते. शोधनिबंध पुन्हा लिहायचा असेल तर समीक्षणाला महिने घेणाऱ्या परिषदेला पाठवावा. नाकारला गेला तरी समीक्षकांचे शेरे भाषा सुधारायला उपयोगी पडतात, आणि स्वीकारला गेला तर त्याला उद्धृत करणारे निबंध येऊ लागतात. गुगल स्कॉलरवर त्या निबंधाच्या उद्धरणांची सूचना लावून ठेवा. ईमेल आला की निबंध उघडा, भाषेबद्दल किती लिहिले आहे ते पाहा, पृष्ठांक टिपा. असे अनोळखी हातांचे दोन-तीन भरीव मजकूर जमले की तो टिपणांचा कागद घेऊन चावडीवर या.